सेतुराव आणि सांडपाणी

सेतुराव कुणाच्याही घरी गेले की आधी मोरी बघत. यजमान "बसा, बसा" म्हणत खुर्ची पुढे करत आणि हे "एक निमिष" म्हणून थेट आत. नळ सोडून पाणी किती वेगानं जातंय ते बघायचं, बेसिनखाली हात घालून पाइपाच्या सांध्यावरून बोट फिरवायचं, मग ते बोट उजेडात धरायचं. बोट कोरडं निघालं तरच बाहेर येऊन निवांत कॉफी प्यायचे. ओलं निघालं तर कॉफी निवायची, यजमानीणबाई ओशाळायच्या आणि सेतुराव पान्हा शोधायला लागायचे.

चेन्नैजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या ज्या कारखान्यात मी नोकरीला लागले तिथे मोटारींचे रेडिएटर बनत. सेतुराव गळती तपासायच्या विभागात होते. रेडिएटरमध्ये हवा भरायची, तो पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि बुडबुडा येतो का ते बघत उभं राहायचं. सगळी नोकरी त्यांनी त्या टाकीकडे बघण्यात घालवली होती. बुडबुडा आला तर दुःख, नाही आला तर संशय. "पुन्हा एकदा बुडवा," हे त्यांचं वाक्य आमच्या कारखान्यात सगळे त्यांच्याच तमिळ सुरात म्हणायचे.

आमची ओळख कंपनीच्या बसमध्ये झाली. मी सांगलीहून नवीन आलेली, फोनवर आईशी बोलत होते. फोन ठेवला तसा पुढच्या सीटवरचा उंच, वाळका माणूस मागे वळला.

"तुम्ही मराठी की? आम्हीपण मराठीच हो. तंजावूरचे."

ती मराठी ऐकून मी चाटच पडले. शब्द आपले, पण फार जुने, आणि चाल पूर्ण तमिळ. 'आतां' म्हणताना ते शेवटचा स्वर नाकात धरून ठेवायचे. गाडीला वंडी म्हणत आणि मला अम्मा. बाविशी-तेविशीतल्या मुलीला अम्मा म्हणणारा हा कोण, असं मला वाटलं होतं. इकडे ते मायेनं म्हणतात हे कळायला थोडे दिवस गेले.

मला खोली त्यांनीच मिळवून दिली, नुंगंबाक्कममध्ये, त्यांच्याच इमारतीत. ते तळमजल्यावर, मी वर. खोली दाखवताना अर्थात आधी बाथरूम दाखवलं. "पाण्यास लाज नाही, अम्मा," ते मोरीच्या जाळीकडे बोट करून म्हणाले. "फट दिसली की जातें. कुठे जातें तें आपण बघायचं."

त्यांची बायको रुक्मिणी. मी अक्का म्हणायचे. तिरुवल्लिकेणीच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला होता आणि स्वतः तंजावूर, कुंभकोणम आणि तिरुपती सोडून काही पाहिलं नव्हतं. "निवृत्त झाले की सगळा नकाशा चालून बघणार," असं त्या मुलींना सांगायच्या. निवृत्त झाल्या आणि मूत्रपिंडं बसली.

डॉक्टरांनी त्यांच्या पोटात एक बारीक नळी कायमची बसवली होती. दिवसातून चार वेळा त्या नळीतून औषधी पाण्याची पिशवी पोटात सोडायची. ते पाणी तासन्‌तास आत राहून रक्तातली घाण ओढून घेतं. मग ते खालच्या रिकाम्या पिशवीत काढायचं आणि नवं भरायचं. खोलीची दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात साबणानं कोपरापर्यंत धुतलेले. नळीच्या तोंडाला जरा जरी अस्वच्छ काही लागलं तर जंतू सरळ पोटात. आतून आलेलं पाणी स्वच्छ, फिकट पिवळं असायला हवं. गढूळ आलं की धावत हॉस्पिटल.

हे तपासायची रीत अशी: भरलेली पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची आणि तिच्यातून अक्षरं वाचायची. हे काम सेतुरावांचं. नुसतं बघून त्यांचं समाधान होत नसे. ते खडा आवाज लावून तमिळ बातमी वाचायचे. रोज सकाळी जिना उतरताना मला बंद दाराआडून कधी कांद्याचा भाव, कधी एखाद्या मंत्र्याचं भाषण ऐकू यायचं, आणि ते ऐकू आलं की मलाही हायसं वाटायचं. माणूस बातमी वाचतोय, म्हणजे अक्का बऱ्या आहेत.

निवृत्तीनंतर सेतुरावांनी एक जुनी प्रवासी व्हॅन घेतली आणि तिची कॅरावान करून घेतली. आत एक पलंग, गॅसची शेगडी, बेसिन, पडद्याआड छोटा संडास. छताजवळ चांगल्या पाण्याची टाकी. पिशव्या बदलायला एक कोपरा, त्याला सरकतं दार. अक्कांना नकाशा बघायचा होता ना, मग घर सोबत घेऊन जायचं. ज्या माणसाला शेजारच्या गल्लीत जाताना गॅस बंद केला का म्हणून परत यावं लागे, त्यानं हे ठरवलं होतं.

गाडी तयार झाली आणि त्यांच्या काळजीला नवं घर मिळालं. बेसिनचं पाणी गाडीखालच्या एका टाकीत जायचं, संडासाचं दुसऱ्या पेटीत. दोन माणसांना ती पेटी दोन-तीन दिवस पुरली असती. पण अक्कांच्या पोटातून निघणारं पाणी रोज बादलीभर. तेही त्याच पेटीत. म्हणजे रोज कुठेतरी पेटी रिकामी करायलाच हवी. आणि आपल्याकडे रस्त्यावर जेवण मिळतं, पेट्रोल मिळतं, देवळं मिळतात; सांडपाण्याची पेटी ओतायला जागा कुणी ठेवलेली नाही.

"हायवेला लोक झाडाखाली ओतून मोकळे होतात, काका," मी एकदा म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली.

भांडी धुण्याआधी ते कागदानं पुसून घेत, म्हणजे टाकीत तेलकट काही जायला नको. रसमचं एक कढीपत्त्याचं पान बेसिनमध्ये गेलं तर चिमट्यानं बाहेर. चांगल्या पाण्याचा पाइप पांढरा, घाण पाण्याचा काळा, आणि काळ्याला तांबडी चिंधी बांधलेली. दोन्ही पाइप एका खणात कधी ठेवायचे नाहीत. टाकी किती भरली हे दाखवणारा दिवा होता, पण त्यांचा दिव्यावर विश्वास नव्हता. ते गाडीखाली आडवे होऊन टाकीवर बोटानं टकटक करायचे आणि कान लावायचे. खालून फक्त त्यांचे पाय दिसायचे.

एका लांब सुट्टीत त्यांनी मला सोबत नेलं. अक्कांना कोडियाक्करै बघायचं होतं. वेदारण्यमच्या पुढे किनारा जिथे काटकोनात वळतो ते टोक. "आयुष्यभर छडी त्या कोपऱ्यावर ठेवून सांगितलं, 'मुलींनो, इथे'. 'इथे' म्हणजे काय तें बघू दे की आतां," त्या म्हणाल्या.

सेतुरावांनी आधीच फोन करून वाटेतल्या एका कल्याण मंडपात, म्हणजे मंगल कार्यालयात, पेटी रिकामी करायची परवानगी घेतली होती. तिथे पोचलो तर लग्न. मॅनेजरनं सेतुरावांच्या हातातला काळा पाइप बघितला आणि दोन्ही हात जोडले. "सार, वऱ्हाडी जेवतायत. आज नको." सेतुराव समजावायला लागले, मॅनेजर मागे सरकायला लागला. शेवटी फाटक बंद झालं.

पुढे पेट्रोल पंपावर संडासाला कुलूप. त्याच्या पुढे एक मोठं तळं लागलं, काठाला गवत, कुणी नाही. पिशवी बदलायची वेळ होत आली होती आणि पेटी गळ्याशी आली होती. एक ट्रॅक्टरवाला थांबून काय झालं विचारता झाला, आणि ऐकल्यावर हसत म्हणाला, "एवढंच? त्या ओढ्यात सोडा. तळ्यालाच मिळतो तो."

"त्या तळ्याचं पाणी कोण पितं?" सेतुरावांनी विचारलं.

"आम्हीच की."

सेतुराव गाडीत बसले.  प्रत्येक खड्ड्याला ते डोळे मिटून घ्यायचे, गाडी चालवतानाच, आणि मी मागे बसून देवाचं नाव घेत होते. शेवटी अक्काच म्हणाल्या, "थांबवा. ती शाळा आहे." आणि उतरून, एका हातानं पोटाजवळची साडी सावरत, सरळ हेडबाईंच्या खोलीत गेल्या. काय बोलल्या माहीत नाही. थोड्या वेळानं हेडबाई स्वतः किल्ली घेऊन बाहेर आल्या. सेतुरावांनी पेटी शाळेच्या संडासात रिकामी केली, आणि मग सगळेच्या सगळे संडास घासून धुतले. हेडबाई नको नको म्हणत राहिल्या. सेतुराव घासत राहिले.

आम्ही टोकाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अक्का वाळूत उभ्या राहिल्या. डाव्या हाताला किनारा वर, चेन्नैकडे गेलेला. उजव्या हाताला तो दुमडून आत वळलेला. त्यांनी दोन्ही हात त्या दोन दिशांना पसरले. सेतुराव गाडीखाली होते.

"अहो, इकडे या. इथे देश वळतो."

ते आले, गुडघ्यावरची वाळू झाडत. बायकोच्या हाताच्या रेषेत एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. "होय की. वळतो," म्हणाले. आणि लगेच, "रुक्मा, तो व्हॉल्व मी बंद केला होता नं?"

अक्का हसून हसून वाळूत बसल्या.

त्या वर्षीचं डिसेंबरचं वादळ येणार म्हणून सगळे सांगतच होते. चेन्नैत दर डिसेंबरला असं सांगतात. इमारतीतल्या लोकांनी मेणबत्त्या आणि दूध आणून ठेवलं. सेतुरावांनी मात्र आदल्या दिवशी कॅरावान काढून मागच्या चढावर, देवळाच्या भिंतीलगत नेऊन लावली, चांगल्या पाण्याची टाकी काठोकाठ भरली, आणि औषधी पाण्याच्या पिशव्यांची खोकी तिच्यात चढवली. खोकी उचलायला मी होते. वरच्या मजल्यावरच्या विशालाक्षी मामींचा मुलगा गॅलरीतून म्हणाला, "सार, टूरवर निघालात? पावसात?" सेतुरावांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

सकाळी जाग आली ती तळमजल्यावरच्या आरडाओरड्यानं. रस्त्यावरचं पाणी अजून दारात आलं नव्हतं. ते आधी मोरीतून आलं होतं. गटारं तुंबली आणि सगळं उलटं फिरून तळमजल्याच्या बाथरूमच्या जाळ्यांतून वर उसळायला लागलं, काळं, फेसाळ. सेतुराव एका जाळीवर पाय रोवून उभे होते, जणू ते पायानं थांबणार होतं. मग अंगणातली जमिनीखालची टाकी बुडाली, आणि नळाला येणारं पाणीही वास मारायला लागलं. आता त्या इमारतीत हात धुवायलासुद्धा स्वच्छ पाणी नव्हतं.

आम्ही अक्कांना खुर्चीत बसवून, मी एका बाजूनं आणि मामींचा मुलगा दुसऱ्या बाजूनं, कॅरावानमध्ये नेलं. संध्याकाळपर्यंत चढ सोडून आजूबाजूला सगळं पाणी होतं. वीज नाही, फोन मधूनच लागायचा. मी त्यांच्यासोबतच राहिले. विशालाक्षी मामींना मधुमेह, सारखं जावं लागे; त्यांना वर संडास वापरायची भीती, कारण वरचं सोडलं की खालच्यांच्या घरात येत होतं. त्या चढावर आल्या आणि दारात लाजत उभ्या राहिल्या. सेतुराव बाजूला झाले. पडदा ओढला गेल्यावर ते गाडीच्या बाहेर पावसात उभे राहिले, मान खाली, टाकीकडे कान.

दुसऱ्या दिवशी पेटी भरली.

मामींचा मुलगा कमरेइतक्या पाण्यातून डबा घेऊन आला होता. त्याला कळल्यावर तो वैतागलाच. "सार, सगळं गावच गटार झालंय. त्यात तुमच्या दोन बादल्या! कोण बघणार आहे?"

"मी बघणार," सेतुराव म्हणाले. खाली रस्त्यावर माणसं दुधाच्या पिशव्या डोक्यावर धरून चालली होती. "तो बघ, तो माणूस. तोंडापर्यंत पाणी उडतंय त्याच्या. त्यात मी माझ्या घरचं कसं सोडू?"

"मग काय करणार?"

 सेतुराव हात गुडघ्यांत घालून बसले. अक्काच म्हणाल्या, "अहो, माझ्या पोटातलं पाणी पिशवीतच येतं की. पेटीत ओततां कशाला? चिमटा लावून तसंच ठेवा." सेतुरावांनी त्यांच्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मग प्रत्येक वापरलेली पिशवी चिमटा लावून, पुसून, ड्रायव्हरच्या सीटवर आणि सीटखाली रचायला लागले. मामींसाठी झाकणाचा डबा आला. पावसाचं पाणी बाहेर, आमचं पाणी आत, आणि मध्ये आम्ही तिघं. मला त्या गाडीत श्वास घ्यायची भीती वाटत होती. प्रत्येक वेळी नळी जोडताना अक्का डोळे मिटायच्या, सेतुराव ओठ हलवत काहीतरी पुटपुटायचे आणि मी माझेच हात पुन्हा पुन्हा धुवायचे.

त्यानंतरच्या सकाळी पाऊस थांबला होता. अक्कांनी पोटातलं पाणी काढलं आणि पिशवी वर्तमानपत्रावर ठेवली. जुनाच पेपर होता, दोन दिवस तीच बातमी आम्ही ऐकत होतो. सेतुराव वाकले. आम्ही वाट बघत राहिलो.

"वाचा की," अक्का म्हणाल्या.

"उजेड कमी आहे."

त्यांनी पिशवी उचलून खिडकीशी नेली, पेपर मागे धरला. बराच वेळ धरला.

"उजेड आहे, अहो," अक्का हळूच म्हणाल्या. "अक्षर नाही."

मी बघितलं. पिशवीतलं पाणी भाताच्या पेजेसारखं दिसत होतं. अक्कांच्या अंगाला हात लावला तर चटका बसला. फोन लागेना. मामींचा मुलगा पाण्यातून धावत गेला, धावत म्हणजे पाण्यात जेवढं धावता येतं तेवढं, आणि समुद्राकडून मदतीला आलेल्या कोळ्यांची एक होडी घेऊन आला. रस्त्यावर होडी बघून मला रडू आलं. अक्कांना उचलून आत ठेवलं. सेतुराव चढले ते गढूळ पिशवी छातीशी धरून, कारण डॉक्टर तीच मागणार होते. होडी वळताना ते मला काही ओरडून सांगत होते. मला वाटलं, काळजी घे म्हणत असतील. नीट ऐकलं तर, "सीटवरच्या पिशव्यांवर ऊन पडू देऊं नको!"

दोन दिवस मी त्या गाडीची राखण केली. फोन लागला तेव्हा त्यांनी आधी अक्कांचं सांगितलं, ताप आहे, सलाइन आहे, ओळखतात. मग म्हणाले, "अम्मा, तो जंतू माझ्या हातून गेला असेल का?"

हा प्रश्न त्यांनी हॉस्पिटलात सगळ्यांना विचारला. मोठ्या डॉक्टरांना, नर्सला, तपासणीच्या खोलीतल्या बाईंना. तपासणीत आलेला जंतू माणसाच्या आतड्यातच असतो, बाहेरच्या पाण्यातून आला असंच म्हणता येणार नाही, असं डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. सेतुरावांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं.

अक्का वाचल्या. पण पोटातली नळी काढावी लागली. आता एक दिवसाआड हॉस्पिटलात जायचं आणि मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं. म्हणजे लांबचे प्रवास संपले. पाणी ओसरल्यावर सेतुरावांनी साठवलेल्या सगळ्या पिशव्या एकेक करून नीट गटारात रिकाम्या केल्या, गाडी धुतली, आणि ती विकायची असं आम्हाला सांगितलं. अक्का भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिल्या.

गाडी विकली गेली नाही. मशीनवर अक्कांना चार तास लागत आणि सेतुरावांना हॉस्पिटलच्या व्हरांड्यात चैन पडेना. ते कॅरावान घेऊन जायला लागले आणि मागच्या गल्लीत लावून आत बसायला लागले. तिरुवण्णामलै, चेंगल्पट्टूकडून पेशंटबरोबर पहाटेच निघालेली माणसं त्याच गल्लीत फूटपाथवर बसलेली असत. बायकांना जायला जागा नसे. एकीनं धीर करून विचारलं. मग दुसरीनं. हॉस्पिटलच्या सुपरवायझरच्या इतके दिवस मागे लागून सेतुरावांनी पेटी त्यांच्या संडासात रिकामी करायची परवानगी मिळवली की शेवटी तो त्यांना बघून लपायला लागला होता.

मला पुण्यात नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी त्यांना भेटायला मी त्या गल्लीत गेले, कारण तो मशीनचा दिवस होता. गाडीच्या दाराशी सहा-सात बायका बसल्या होत्या. सेतुराव दंडापर्यंत रबरी हातमोजे घालून बेसिनशी उभे होते आणि चहाची पावडर बेसिनमध्ये टाकल्याबद्दल एका म्हातारीला झापत होते. म्हातारी जराही न भिता पदरानं तोंड पुसत होती.

"काका, निघते."

"आतांच? जेवलीस कां? रेल्वेत संडासाचं दार आतून नीट बघून लाव. कडी मोडकी असते." मी वाकले तर मोज्यांमुळे त्यांना डोक्यावर हात ठेवता येईना. त्यांनी कोपर माझ्या डोक्याला टेकवलं. "पुण्याचं घर घेण्याआधी मोरी बघ, अम्मा. मला फोन कर. मी सांगतों काय बघायचं तें."

ते आणखी काही सांगणार होते. बेसिनचा नळ उघडून त्यांनी चहाचा चोथा चिमट्यानं वेचायला घेतला होता. इतक्यात हॉस्पिटलचं मागचं दार उघडलं आणि अक्का बाहेर आल्या, दंडावर कापूस दाबून धरलेला, भिंतीला हात लावत, एकेक पाऊल टाकत. त्या दिवशी रोजच्यापेक्षा लवकर सुटल्या होत्या.

सेतुराव चिमटा टाकून गाडीतून उतरले. चपला न घालता, रबरी मोज्यांसकट, गल्लीतून धावत गेले. मी बघत राहिले. ते त्यांच्याजवळ पोचले, मोजे काढून फेकले, आणि दोन्ही हातांनी त्यांना धरलं. दोघं तिथेच थांबली. अक्का काहीतरी सांगत होत्या आणि ते ऐकत होते, फक्त ऐकत होते.

गाडीत नळ तसाच धो धो वाहत होता. म्हातारीनं उठून तो बंद केला.